हास्यजत्रेची धार गेली का?

सोनी मराठीवर २०१८ साली सुरू झालेली 'महाराष्ट्राची हास्यजत्रा', म्हणजे छोट्या विनोदी प्रहसनांचा (स्किट्सचा) कार्यक्रम, मधल्या सुट्ट्या धरूनही टिकली, आणि परळपासून विरार-डोंबिवलीपर्यंत रात्रीच्या जेवणाच्या ताटाशेजारी तिची जागा पक्की झाली. तिच्याबद्दल हल्ली दोन मतं ऐकू येतात. पूर्वीची मजा राहिली नाही, हे एक. दिवसभर पिचलेल्या माणसाला घटकाभर हसू येतं ना, मग चिरफाड कशाला, हे दुसरं. आमचं मत पहिल्याच्या जवळ जातं, पण नटांची धार गेली असं आम्हाला वाटत नाही. लिखाणाची धार उतरली आहे, आणि तीही सगळीकडे सारखी उतरलेली नाही. स्किटच्या पहिल्या दोन मिनिटांत आणि शेवटच्या मिनिटात ती सर्वांत बोथट वाटते. मधली पाच-सहा मिनिटं आजही अनेकदा चोख असतात.

धार म्हणजे पुढाऱ्यांवर टीका असं धरून कुणी तक्रार करत असेल, तर ते बरोबर नाही. तो विडा हास्यजत्रेने कधी उचललाच नव्हता. घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून बघायच्या वाहिनीवर, जाहिरातदारांच्या भरवशावर चालणाऱ्या कार्यक्रमात राजकीय प्रहसन फार वेळ तग धरत नाही. तमाशाच्या बतावणीतल्या सोंगाड्याला राजाची टोपी उडवता यायची, कारण त्याच्या समोर मोकळं मैदान आणि रोख तिकीट काढून आलेला प्रेक्षक असायचा. टीव्हीचं गणित वेगळं. हास्यजत्रेची धार होती ती माणूस नेमका पकडण्यात. लग्नाच्या पंगतीत मानपान मोजत बसणारा मामा, पगारापेक्षा हप्ता मोठा असलेला जावई, सोसायटीच्या सभेत दर वर्षी एकच हरकत नोंदवणारा सभासद: असा माणूस त्याच्या बोलीसकट, त्याच्या खोट्या प्रतिष्ठेसकट समोर उभा राहायचा आणि बघणाऱ्याला आपल्या मजल्यावरचं कुणीतरी आठवायचं.

गौरव मोरे यांचं उदाहरण घ्या, कारण धार कशी लागते आणि कशी जाते हे दोन्ही त्यात दिसतं. पवईच्या फिल्टरपाड्याचं नाव मराठी मनोरंजनात त्याआधी कुणी अभिमानाने घेतलं नव्हतं. मुलाखतीला जाताना पत्ता सांगायला जिथली पोरं कचरतात, तो पत्ता या नटाने छाती पुढे काढून सांगितला आणि स्वतःला 'फिल्टर पाड्याचा बच्चन' म्हणवून घेतलं. केस, कोट, चालण्याची ढब, सगळं हिंदी सिनेमातून उसनं; खाली उभा माणूस मात्र अस्सल वस्तीतला. त्या दोन गोष्टींतल्या अंतरात विनोद होता, आणि त्या विनोदाला टोक होतं: झोपडपट्टीतल्या पोराने रुबाब केला की तुम्हाला हसू का येतं, असा प्रश्न त्यात दडलेला होता. पुढे ती ओळख प्रत्येक स्किटमध्ये येऊ लागली. पात्र वकील असो, रुग्ण असो, नवरदेव असो, आधी फिल्टरपाडा, मग गोष्ट. प्रेक्षक ओळीची वाट बघू लागला आणि ओळ आली की टाळी देऊ लागला. ही टाळी ओळख पटल्याची असते, विनोद लागल्याची नसते. नाटकवाल्यांना हा फरक कानाने कळतो: लागलेल्या विनोदाचा हशा उशिरा सुरू होतो आणि वर चढतो, ओळखीची टाळी लगेच येते आणि लगेच खाली बसते.

अरुण कदम यांच्या आगरी ठसक्याचं आणि प्रभाकर मोरे यांच्या 'शालू'च्या गाण्यावरच्या नाचाचं तेच झालं. आगरी बोलीत एक सरळसोट तर्क असतो. समोरच्याचं गोड बोलणं ती एका वाक्यात सोलून काढते. अरुण कदम त्या तर्कावर पात्र उभं करत तेव्हा बोली कथानक पुढे नेत असे. आता ठसका उरतो, तर्क राहून जातो. प्रभाकर मोरे यांची अडचण आणखी वेगळी. त्यांची कोकणी तिरकस शांतता ही मराठी टीव्हीवरच्या दुर्मिळ गोष्टींपैकी एक आहे, आणि नाचाची फर्माईश आली की नेमकी तीच मोडते.

इथले बरेच नट एकांकिकेच्या तालमीतून आले आहेत, हे लक्षात घेतलं तर मूळ बळ कुठे आहे ते कळतं. मुंबईत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा मोसम पार पडला की प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री चतुरंग प्रतिष्ठानची 'सवाई' एकांकिका स्पर्धा रंगते, तोवर पोरांनी एकच एकांकिका महिनोन्‌महिने घासलेली असते. पाऊण तासाच्या एकांकिकेसाठी दोन-तीन महिने तालीम, आणि एखादी ओळ दोनदा पडली की लेखक ती संहितेतून काढून टाकतो. त्या शिस्तीत वाढलेल्या नटाला पॉज कुठे घ्यायचा, समोरच्याचा हशा उतरेपर्यंत हात कुठे ठेवायचा, क्यू किती घट्ट पकडायचा हे शिकवावं लागत नाही. हास्यजत्रेची पहिली वर्षं या साठ्यावर निघाली. सचिन गोस्वामी यांचं दिग्दर्शन आणि सचिन मोटे यांचं लेखन या साठ्याला आकार देत होतं. प्रसाद खांडेकर आणि समीर चौघुले यांच्यासारखे नट स्वतः लिहितात, त्यामुळे ओळी तोंडाला बसलेल्या असत.

नेमकं काय बिघडतं हे सांगायला एक स्किट रचून दाखवतो. परिस्थिती मुंबईचीच घेऊ. लालबागच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास ठरलाय. सगळ्यांच्या सह्या झाल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची तेवढी राहिली आहे. सेक्रेटरी आणि बिल्डरचा माणूस सही घ्यायला येतात. आजोबांची अट एकच: नव्या टॉवरमध्येही समोरच्या खिडकीत सावंतच हवेत. गेली तीस वर्षं रोज सकाळी सावंतांशी भांडण झाल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही.

हे बारा मिनिटांत बसवायचं, तर पहिल्या दीड मिनिटात तीन गोष्टी कळायला हव्यात: कोण, कुठे, काय अडलंय. सेक्रेटरी दारातच घड्याळ बघतो, बिल्डरचा माणूस पेढ्यांचा पुडा मागे लपवतो, आजोबा खिडकीकडे तोंड करून बसलेत. तीन मिनिटं होईपर्यंत अट बाहेर यायला हवी, कारण प्रेक्षकाला पुढे वाट कशाची बघायची हे तिथून कळतं. मग तीन पायऱ्या. बिल्डरच्या माणसाला वाटतं म्हाताऱ्याला जास्त जागा हवीय. तो वीस चौरस फूट वाढवून देतो. आजोबा विचारतात, वाढीव वीस फुटांशी भांडू का मी? ही पहिली. दुसरीत नकाशा उघडतो: सावंत 'बी' विंगेत, चौदावा मजला. आजोबा तिथूनच आवाज लावून बघतात, दम लागतो. सेक्रेटरी इंटरकॉम सुचवतो. आजोबा म्हणतात, इंटरकॉमवर शिवी लागत नाही. तिसरीत सावंत स्वतः येतात. हे तोंड पुन्हा दिसू नये म्हणून मी मागच्या बाजूचा फ्लॅट मागितलाय, असं ठणकावून सांगतात. सेक्रेटरी यादी उलटतो, तर सावंतांचीही सही नाही. आता उलटापालट. दोघं आपल्याला एकमेकांची गरज कशी नाही हे ओरडून पटवून देतात, आणि त्याच तिरीमिरीत, एकमेकांवर सूड म्हणून, दोघंही सही ठोकतात. शेवटची पंधरा सेकंदं: बिल्डरचा माणूस नकाशा नीट बघतो. दोन फ्लॅटमध्ये एकच भिंत, खिडकी नाही. आजोबा भिंतीवर टकटक करतात. थोडा वेळ काहीच नाही. मग पलीकडून टकटक. ब्लॅकआऊट.

यात जागा कुठेही बदलली नाही, पात्रं चारच, आणि प्रत्येक पायरीत अडचण आधीपेक्षा मोठी झाली. हास्यजत्रेच्या चांगल्या दिवसांतलं स्किट साधारण याच बांध्याचं असे.

आता हेच स्किट हल्लीच्या पद्धतीने कसं होतं ते बघा. सेक्रेटरी त्याच्या ठरलेल्या गाण्यावर नाचत येतो. बिल्डरचा माणूस येऊन आपली ठरलेली ओळख सांगतो. सेक्रेटरी त्याच्या रंगावर एक मारतो, तो सेक्रेटरीच्या पोटावर एक मारतो. आजोबांचं काम काटकुळ्या नटाकडे असेल तर वाऱ्याने उडण्याचे दोन विनोद. मग सून, मुलगा, कामवाली, वॉचमन, कारण भागातल्या प्रत्येक कलाकाराला काहीतरी द्यायचंय. अट बाहेर येते सहाव्या मिनिटाला. पायऱ्यांसाठी उरतात चार मिनिटं, त्यात एकच बसते. आणि शेवट: आजोबा सांगतात की या खिडकीत त्यांची बायको उभी राहायची. बासरी वाजते. परीक्षक डोळे टिपतात. मग सगळे मिळून नाचतात.

नुसता हिशेब केला तरी दोष कळतो. आठ नट आणि प्रत्येकाच्या एन्ट्रीला पाऊण मिनिट धरलं, तर सहा मिनिटं गोष्ट सुरू होण्याआधी खर्च झाली. दोन ते चार नटांची स्किट्स आजही गर्दीच्या स्किट्सपेक्षा सरस उतरतात, त्याचं कारण एवढंच आहे. नट कमी असले की लेखकाला परिस्थितीकडे वळावंच लागतं.

आणि लेखकाकडे वेळ किती उरतो? कार्यक्रम आठवड्यातून कधी दोन, कधी चार रात्री लागत आला आहे. तासाभरातून जाहिराती वजा केल्या की साधारण पाऊण तास भरायचा असतो. एका रात्रीत तीन स्किट्स धरली आणि आठवडा चार रात्रींचा असला, तर आठवड्याला बारा नव्या परिस्थिती शोधाव्या लागतात. एकांकिकेचा लेखक वर्षाला एक परिस्थिती शोधतो आणि तीही कधी कधी फसते. इतक्या मागणीखाली कुठल्याही लेखकाचा हात आधी तयार मालाकडे जातो: ठरलेलं पात्र, ठरलेली ओळ, ठरलेला अपमान. हा आळस आहे असं आम्ही म्हणणार नाही. हा पुरवठ्याचा प्रश्न आहे, आणि तो वाहिनीने सोडवायचा आहे.

शरीरावरच्या विनोदांबद्दल मात्र सवलत देता येत नाही. काळा रंग, सुटलेलं पोट, पुढे आलेले दात, विरळ केस यांवर मारलेली ओळ पहिल्यांदा हसवते ती धक्क्यामुळे. दुसऱ्यांदा धक्का नसतो, नुसता अपमान उरतो. त्यातून पात्राबद्दल काही कळत नाही आणि गोष्ट तसूभर पुढे सरकत नाही, म्हणजे कारागिरीच्या नजरेनेही ती ओळ वायाच जाते. वनिता खरात यांनी २०२१ साली आपल्या शरीराचा संकोच झुगारणारं फोटोशूट करून जे म्हणायचं ते महाराष्ट्रापुढे म्हटलं होतं. त्यांचं खरं सामर्थ्य आवाजाच्या पट्टीत आणि वेगात आहे. वाक्याच्या अर्ध्यावर त्या पट्टी अशी खाली आणतात की समोरचं पात्र आपोआप लहान होतं. अशा नटीची एन्ट्री वजनावरच्या ओळीने करायची, म्हणजे हातात धारदार कोयता असताना त्याच्या मुठीने नारळ फोडायचा.

पुरुषाने लुगडं नेसून यायचं, हा प्रकार लोकनाट्याच्या परंपरेतला आहे म्हणून त्याचं समर्थन होतं. परंपरेत नाच्या, म्हणजे बाईच्या वेशातला नट, होता, हे खरं. पण नाच्याला संवाद होते, तो तमाशातल्या गवळणीत मावशी म्हणून कृष्णाशी हुज्जत घालायचा, उलटे प्रश्न विचारायचा. नुसती साडी हे सोंग नव्हे. या संचात इतक्या कसदार नट्या आहेत की बाईचं काम पुरुषाला देताना त्यातून काय वेगळं मिळणार, हे लेखकाला सांगता आलं पाहिजे.

आणखी एक सवय धार घालवते: रंगमंचावर नटालाच हसू फुटणं. नाटकात याला बेअरिंग सुटणं म्हणतात आणि त्याबद्दल विंगेत बोलणी बसतात. इथे पहिल्यांदा ते झालं तेव्हा लोकांना आवडलं, आणि आवडणं साहजिक होतं, कारण ते खरं होतं. समीर चौघुले पॉज लांबवतात, समोरचा नट ओठ चावतो, तो क्षण मोलाचा असतो. पण मग अशा क्षणांसाठी जागा ठेवली जाऊ लागली. समोरच्याला हसवण्यासाठी घेतलेल्या अ‍ॅडिशन, म्हणजे ऐनवेळी घातलेल्या ओळी, वाढल्या, आणि त्या संहितेशी संबंधित नसतात. त्या नटाच्या घरच्या, प्रवासाच्या, तालमीतल्या गमती असतात. घरी बसलेल्या माणसाला त्यातलं अर्धं कळत नाही, तो नट हसतोय म्हणून हसतो. एक सोपी कसोटी आहे: ओळ बोलणाऱ्या नटाचं नाव मनातून काढून टाका. तीच ओळ दुसऱ्याच्या तोंडी दिली तरी हसू येतं का? येत असेल तर विनोद लिहिलेला आहे. येत नसेल तर तो मंडळीतल्या मंडळींत आहे.

संकलनाचाही यात वाटा आहे. प्रत्येक पंचनंतर परीक्षकांच्या खुर्च्यांवर कट होतो. प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर मनापासून हसतात, त्यांच्या हसण्याबद्दल शंका नाही. पण कट झाला की बोलणाऱ्या नटाचा चेहरा दिसेनासा होतो, आणि अनेकदा खरा विनोद ओळीनंतरच्या चेहऱ्यात असतो. चौघुल्यांच्या बाबतीत तर हमखास. त्यांनी ओळ टाकल्यावर दोन सेकंद डोळ्यांनी जे चालवलेलं असतं ते बघायला मिळालं नाही तर निम्मं स्किट हुकतं. अमीर हडकर यांची वाद्यसाथ हीसुद्धा दुधारी. योग्य जागी वाजलेला एक ठोका पंचला उचलून धरतो. प्रत्येक वाक्याला ठोका आला की कुठलं वाक्य महत्त्वाचं हे कानाला कळेनासं होतं. खात्री करायची असेल तर एखाद्या स्किटची पाच मिनिटं पडद्याकडे पाठ करून नुसती ऐका. ठोके आणि हशा काढून संवादांतून किती उरतं ते लगेच समजतं.

जोड्यांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सर्वांत मोठं नुकसान तिथे झालं. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार ही जोडी या कार्यक्रमाचा कणा होती. चौघुल्यांचा विनोद संथ असतो. ते पात्राच्या मूर्खपणाला वेळ देतात, एक विचित्र कल्पना पकडून तिला नीट वाढू देतात. अशा नटासमोर त्याला मध्येच तोडणारं कुणीतरी लागतं, नाहीतर संथपणाचा सैलपणा होतो. विशाखा सुभेदार ते काम करत. त्यांची ओळ अर्धी मात्रा आधी पडायची, चौघुल्यांची अर्धी मात्रा उशिरा, आणि त्या ओढाताणीत हशा निघायचा. २०२२ मध्ये त्या बाहेर पडल्या. पुढे २०२४ मध्ये गौरव मोरे गेले. नटाने दुसरीकडे जाणं हा त्याचा हक्क आहे, त्यात वावगं काही नाही. पण जोडीतला एक गेला की दुसऱ्यासाठी नव्याने लिहावं लागतं. इथे बऱ्याचदा जुन्याच बांध्यात नवा नट बसवला गेला, आणि मग चौघुल्यांना दोन्ही बाजू एकट्याने ओढाव्या लागल्या. अशा वेळी ते चेहरा आणि शरीर जास्त वापरतात. हशा मिळतो, पण ते स्किट सांभाळताना दिसतात. ईशा डे यांच्यासोबतची त्यांची कामं यातून बाहेर काढणारी आहेत, कारण त्या त्यांच्या वेगाला शरण जात नाहीत.

'चला हवा येऊ द्या'शी तुलना होतेच, म्हणून थोडक्यात. झी मराठीवर २०१४ मध्ये सुरू झालेला तो कार्यक्रम २०२४ पर्यंत चालला आणि २०२५ मध्ये नव्या रूपात परतला. भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे यांची तयारी वादातीत आहे, आणि सागर कारंडे यांच्या पोस्टमनची पत्रं अनेक घरांत अजून आठवतात. पण त्याची धार लवकर गेली त्याचं कारण पाहुणे. ज्याच्या सिनेमाची खिल्ली उडवायची तोच समोरच्या सोफ्यावर, आणि शुक्रवारी त्याचा सिनेमा लागणार. अशा वेळी वार म्यानासकटच करावा लागतो. हास्यजत्रेकडे हे ओझं नव्हतं. तिच्याकडे काल्पनिक परिस्थिती होती, तीन भिंती होत्या. ती आतून का बोथटली याचं दुःख म्हणूनच जास्त आहे. तिला कुणी बांधून ठेवलेलं नव्हतं.

शेवटांचा दोष आमच्या मते सर्वांत गंभीर. स्किटचा शेवट ही लेखकाची परीक्षा असते, कारण तिथे नट त्याला वाचवू शकत नाही. सुचला नाही की तीन आडवाटा घेतल्या जातात: सामूहिक नाच, कुणीतरी धपकन पडणं, नाहीतर डोळ्यांत पाणी आणणारं भाषण. तिसरी वाट सर्वांत घातक, कारण तिला टाळ्या मिळतात. आई, सैनिक, शेतकरी यांच्यावरच्या चार ओळींना कुणी वाईट म्हणू शकत नाही. पण दहा मिनिटं ज्या माणसाच्या कंजूषपणावर हसवलं, तो शेवटच्या मिनिटात एकाएकी उदार झाला, तर आधीच्या हसण्याचं काय करायचं? विनोदी पात्राने बदलू नये. परिस्थितीने बदलावं आणि पात्र त्याच्या खोडीला चिकटून राहावं. त्यातूनच करुणाही येते, तिला बासरी लागत नाही. भिंतीवरची टकटक पुरते.

इतकं असूनही कार्यक्रम बंद करून टाका असं आम्ही म्हणणार नाही, कारण आज मराठी टीव्हीवर इतक्या ताकदीचा संच दुसरा नाही. नम्रता संभेराव यांच्या लॉलीसारख्या पात्राकडे बघताना सोंगाच्या आत एक पूर्ण माणूस बसलेला जाणवतो. हात, मान आणि आवाज तिन्ही एकाच वेळी पात्रात असतात. प्रियदर्शिनी इंदलकर यांना कमी ओळींत नेमकं काम करता येतं. रसिका वेंगुर्लेकर भडक प्रसंगातही पट्टी सांभाळतात. पृथ्वीक प्रताप आणि ओंकार राऊत यांना लांब संवादांची ताकद आहे, ती वापरली जात नाही. शिवाली परब यांच्याकडे निरागसतेच्या आडून बोचणारी ओळ टाकायची हातोटी आहे. प्राजक्ता माळी यांचं सूत्रसंचालन नेटकं असतं, मात्र दोन स्किट्समधली त्यांची आणि परीक्षकांची देवाणघेवाण आणखी आखूड हवी.

बघायचं कसं, तर पूर्ण भाग सोनी लिव्हवर असतात आणि सुटी स्किट्स वाहिनीच्या यूट्यूबवर. पहिल्यांदा बघणाऱ्याने २०१९ ते २०२१ च्या दरम्यानच्या चौघुले-सुभेदार जोडीच्या स्किट्सपासून सुरुवात करावी, सुटी सुटी, दिवसाला दोनच. नंतरची बघताना दोन ते चार नटांचीच निवडावीत. शीर्षकात एखाद्या पात्राचं नाव मोठ्या अक्षरांत असेल तर ते स्किट मागे ठेवावं आणि शीर्षकात परिस्थिती असेल तर आधी बघावं. हा नियम दर वेळी लागू पडणार नाही, पण बराच उपयोगी आहे. लागोपाठ चार स्किट्स बघू नयेत. ठरलेल्या ओळी तेव्हा जास्त टोचतात आणि चांगल्या स्किटवरही अन्याय होतो.

निर्मात्यांना करता येण्यासारखं बरंच आहे, आणि त्यासाठी नवे नट लागत नाहीत. रात्रीला तीनऐवजी दोन स्किट्स, म्हणजे एक तृतीयांश लिखाण वाचेल आणि तो वेळ तालमीला मिळेल. ठरलेली ओळख आणि ठरलेलं गाणं महिन्यातून एकदाच. वाट बघायला लावलं की तीच ओळ पुन्हा लागेल. एकांकिका स्पर्धांतून दर वर्षी नवे लेखक बाहेर पडतात. नट म्हणून त्यांना घ्यायची प्रथा आहेच, पण त्यांना लिहायला बसवावं, निदान परिस्थिती सुचवायला. भांडुपच्या चाळीत, कळव्याच्या फलाटावर, वरळीच्या बीडीडी चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्या घरात आज काय चाललंय हे त्यांना ताजं माहीत असतं. आणि संकलकाला एक सूचना: समीर चौघुले गप्प झाले की कॅमेरा हलवू नका.